कठड्याचा पोचा

परदेशी जायचं कारण विचारलं की माझ्या वयाची माणसं मुलगा, मूत्रपिंड किंवा परिषद यांतलं काहीतरी एक सांगतात. मी 'पोचा' असं सांगितलं, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

पोचा म्हणजे गाडीला येतो तोच. त्याच्याशी माझा धंद्याचा संबंध आहे. मी विमा कंपनीत सर्व्हेअर आहे. कुणी गाडी ठोकली की तिच्याभोवती फेऱ्या मारायच्या, चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि मालक जी हकीकत सांगतो तिच्याशी पोचा जुळतो का ते बघायचं. बहुधा जुळत नाही. विजेचा खांब अचानक आडवा आला, असं शपथेवर सांगणारी माणसं मी रोज ऐकतो. त्यामुळे माणसांवरचा माझा विश्वास उडाला असला, तरी पोच्यांवरचा वाढलेला आहे. पोचा खोटं बोलत नाही.

हा पोचा मात्र गाडीला नव्हता. तो एका जपानी कार्टूनमधल्या रेल्वे स्टेशनच्या कठड्याला होता.

"कार्टून नाही रे मामा, ॲनिमे म्हणतात," असं भाची मला रोज सांगायची. भाची म्हणजे माझ्या ताईची मुलगी. कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली होती. मी एकटा माणूस. लग्न करायचं राहून गेलं, त्यामागे करुण असं काही नाही. छत्री राहून जाते तसं राहून गेलं. तर भाची जेवताना ही मालिका लावायची आणि मी तिच्याकडे पाठ करून जेवायचो. मग तोंड अर्धं वळवून जेवायला लागलो. पुढे पुढे माझं जेवण गार व्हायला लागलं.

मालिका समुद्राकाठच्या एका लहानशा स्टेशनातल्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीची. पिवळा रेनकोट घालणारी एक मुलगी आणि पांढऱ्या केसांचा म्हातारा स्टेशनमास्तर, दोघं मिळून ती खिडकी चालवतात. दर भागात कुणीतरी येतं आणि म्हणतं, माझं अमुक हरवलंय. ते खरंच त्याचं आहे का, हे दोघं तपासतात. म्हणजे दर भागात एक दावा! या विषयावर इतकं गंभीरपणे कुणी काही केलं असेल असं मला वाटलं नव्हतं. काही दावे तर आमच्या ऑफिसपेक्षा चांगले हाताळलेले होते.

प्रत्येक भाग संपताना ती दोघं फलाटाच्या टोकाला कठड्यावर कोपरं टेकून उभी राहतात आणि गाडी निघून जाते. एकदा मी घास हातात धरून म्हणालो, "थांबव. मागे घे. मुलीच्या उजव्या कोपराशी तो दांडा बघ."

"काय झालं?"

"पोचा आहे. आतल्या बाजूने. मागच्या भागातही होता."

पुढच्या भागातही निघाला. त्याच्याही पुढच्या. आता बघा, चित्र काढणाऱ्याला दांडा सरळ काढणं सोपं. तो मुद्दाम दर वेळी वाकडा काढतो, तोही एकाच जागी, याचा अर्थ एकच. "हा कठडा कुठेतरी आहे," मी म्हणालो. "कल्पनेला पोचा येत नाही."

भाचीने लगेच फोनवर शोधलं. स्टेशन खरोखरच होतं. नुसतं होतं असं नाही, ही मालिका आवडणारी माणसं जगभरातून उठून तिथे जात होती, पिवळे रेनकोट घालून त्याच जागी, त्याच कोनात उभी राहत होती आणि फोटो काढून परत येत होती.

"एवढ्यासाठी विमानाने जातात? वेडेच आहेत," मी म्हणालो. आणि थोड्या वेळाने, "कठड्याचा जवळून काढलेला फोटो आहे का गं एखादा?"

नव्हता. प्रत्येकाचं कोपर नेमकं पोच्यावर. माझ्या धंद्यात याला अपुरा पुरावा म्हणतात.

मालिकेचा शेवटचा भाग तेवढा राहिला, तेव्हा भाचीने टीव्ही बंद केला. "मामा, हा इथे नाही बघायचा. तिथे जाऊन बघायचा, त्या कठड्यापाशी. तोवर कुणी बघायचा नाही."

"कुणी म्हणजे?"

"म्हणजे तू आणि मी. अजून कोण आहे?"

तो करार झाला. पुढे तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. ती गेली, आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची कायम आत सरकवलेली राहू लागली. रविवारी तिचा फोन यायचा. आधी तो लांबलचक असायचा, मग बेताचा झाला, मग "मामा, मी तुला नंतर करते" एवढाच उरला. तक्रार नाही. नव्या गाडीला सुरुवातीला जास्त हात लावला जातो, हे मी व्यवसायाने जाणतो.

पण करार हा करार असतो. मी एकदा आडून विचारलं, "वर्षअखेरीला सुट्टी मिळेल का गं?" ती म्हणाली, "बघू ना मामा." मी ते होकारार्थी धरलं आणि ताकास तूर लागू न देता तयारीला लागलो. तिला आयत्या वेळी चकित करायचं होतं. दोन पिवळे रेनकोट आणले, एक माझ्या मापाचा, एक तिच्या.

पहिली पाचर ऑफिसात बसली. साहेबांनी रजेचं कारण विचारलं. मी खरं सांगितलं. साहेबांनी ते स्वतःच्या तोंडाने म्हणून बघितलं.

"जपानला. कार्टूनमधला कठडा बघायला."

"ॲनिमे, साहेब."

"रजेला कारणं ठरलेली आहेत. आजारपण, लग्न, कुणाचा मृत्यू, घराचं बांधकाम. यातलं काय लिहू?"

"बांधकाम जवळचं आहे," मी म्हणालो. "कठडा आहे ना."

साहेबांनी आजारपण लिहिलं. कोणतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते विचारायची त्यांना गरजही वाटली नसावी.

बातमी बिल्डिंगमध्ये माझ्या आधी पोचली. वरच्या मजल्यावर निवृत्त भूगोलाचे शिक्षक राहतात, त्यांना सगळे भूगोलवाले म्हणतात. ते जिन्यातच भेटले. "जपान! चार मुख्य बेटं. भूकंपाचा पट्टा. कुठल्या बेटावर जाताय?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या नकाशावर बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "असं गाव नाही."

"आहे हो. स्टेशन आहे तिथे."

"मी छत्तीस वर्षं नकाशा शिकवलाय. नाही म्हणजे नाही."

सोसायटीच्या सेक्रेटरींना गाव असण्या-नसण्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, एवढ्या लांब जायचं तर बुलेट ट्रेन बघा, ज्वालामुखी बघा. कठडा काय, आपल्या गच्चीलाही आहे. त्यालाही पोचे आहेत, हवे तितके. सेक्रेटरीणबाई मात्र समजुतीने हसल्या. "सांगायचं नसेल तर राहू दे, सर्व्हेअरसाहेब. पण या वयात कुणी मिळालं असेल तर आम्हाला आनंदच आहे हो." त्यांना जपानी बाई डोळ्यांसमोर दिसत होती. त्या बाईपेक्षा कठडा बरा, हे मी कसं पटवणार?

गच्चीला कठडा आहे, हा सेक्रेटरींचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात राहिला. तिथे गेल्यावर उभं कसं राहायचं, कोपर किती वाकवायचं, हे आधी बसवून घ्यायला हवं होतं. फोटोचं काम आयत्या वेळी करणाऱ्यांचे दावे मी आजवर फेटाळत आलोय.

म्हणून एका रविवारी भर दुपारी मी गच्चीवर गेलो. रणरणतं ऊन. मी पिवळा रेनकोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, टाकीवर विटेच्या आधाराने फोन ठेवला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिलो. पहिल्या फोटोत मी बसची वाट बघणारा वाटलो. मालिकेत ती दोघं थोडी पुढे झुकलेली असतात. मी झुकलो. चेहरा जुळेना. गाडी निघून गेल्यावर रिकाम्या रुळांकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा हवा होता. मी खाली बघितलं. खाली रूळ नव्हते, सेक्रेटरींची स्कूटर होती. तरी मी प्रयत्न केला, आणि प्रामाणिकपणे सांगतो, फारसा प्रयत्न करावा लागला नाही.

"सर्व्हेअरसाहेब!" खालून सेक्रेटरींचा आवाज आला. असा मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. "आहात तिथेच थांबा हं. हलू नका. आम्ही वर येतोय."

"मी हलत नाहीये. हललो तर कोन बिघडेल."

"कोण बिघडलंय म्हणता? कुणी बिघडलेलं नाही! सगळं ठीक होतं. बोलू आपण."

मिनिटभरात गच्ची भरली. भूगोलवाले धापा टाकत आले आणि म्हणाले, "गाव आहे! मी पुन्हा बघितलं, गाव आहे हो! जा तुम्ही खुशाल!" सेक्रेटरीणबाईंनी माझा रेनकोट मागून घट्ट धरला. सेक्रेटरींनी माझ्या दंडाला हात घालून मला टाकीच्या सावलीत बसवलं आणि पाणी पाजलं. मी समजावून सांगू लागलो, की हा सराव आहे, एका मुलीसारखं उभं राहायचा. त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मला आणखी पाणी पाजलं.

त्यानंतरचा आठवडा माझ्या आयुष्यात विलक्षण गेला. माझी बेल वाजायला लागली. सकाळी भूगोलवाले पेपर मागायला येत, जो त्यांच्याकडेही येतो. संध्याकाळी सेक्रेटरीणबाई डबा घेऊन येत आणि मी जेवेपर्यंत समोर बसत, आत सरकवलेली खुर्ची ओढून. सेक्रेटरी तर रोज बुद्धिबळ खेळायला यायला लागले. त्यांना बुद्धिबळ येत नाही. तरी मला हरल्याचं दुःख होऊ नये म्हणून ते भराभर स्वतःचे मोहरे मारून घेत.

खरं काय ते मी त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगणारही होतो. पण चहा ओतलेला असायचा, पट मांडलेला असायचा. उद्या सांगू असं म्हणता म्हणता आठवडा गेला.

शेवटी सेक्रेटरींनी आपल्या समजुतीप्रमाणे कर्तव्य केलं आणि भाचीला फोन लावला.

"मामा!" फोनवर ती होती. वार बुधवार होता. बुधवारी तिचा फोन येण्याची ती पहिलीच वेळ. "काय केलंस तू? ठीक आहेस ना? मी निघू का?"

"अगं कारटे, काही नाही. कोपर बसवत होतो." मग चकित करायचा बेत सोडून मी सगळं सांगितलं. कठडा, रेनकोट, शेवटचा भाग. पलीकडून हसू येईल अशी माझी अपेक्षा होती. आलं नाही.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तू तो अजून बघितलाच नाहीस?"

"कसा बघणार? ठरलं होतं ना."

"अरे, मी... इथे सगळ्या मुली बघत बसल्या होत्या रे. रूमवरच. मी पण बसले. मला वाटलं, तू विसरला असशील."

"हो ना," मी म्हणालो. "तसं मीही जवळजवळ विसरलोच होतो."

"आणि रजेचं म्हणशील तर आत्ता नवीन प्रोजेक्ट..."

"असू दे गं. कठडा काय, मी एकटाही बघू शकतो. तपासणीला दोन माणसं लागत नाहीत."

मी सुरक्षित असल्याचं भाचीने सेक्रेटरींना कळवलं. दुसऱ्या दिवसापासून बेल बंद झाली. बुद्धिबळाचा पट सेक्रेटरींनी नेला. तो त्यांचाच होता.

व्हिसाच्या खिडकीपलीकडे एक अगदी कडक इस्त्रीचे गृहस्थ होते. उद्देश विचारला, मी सांगितला. तिथे कुणी नातेवाईक? नाही. कंपनीचं काम? नाही. सोबत कोण?

"कुणी नाही."

"हे गाव पर्यटनाच्या यादीत नाही. तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"एक वाकडा दांडा."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि आत जाऊन वरिष्ठ बाईंना घेऊन आले. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "स्टेशनात एक मांजर आहे. त्याचा कोणता कान फाटका?"

"डावा. पण दुसऱ्या भागात उजवा दाखवलाय. ती चूक आहे. मी मालिकावाल्यांना कळवलंही होतं."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "जाऊ द्या यांना," असं त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. दाराशी मात्र थांबल्या. "शेवटच्या भागाला रुमाल न्या."

"सांगू नका!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की पहारेकरी उठून उभा राहिला.

प्रवासाचं वर्णन करत नाही. विमानात मधल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला देश दिसत नाहीत, पुढच्याचं डोकं दिसतं. पण त्या शेवटच्या, दोन डब्यांच्या गाडीतून उतरलो तेव्हा पिशवी खाली ठेवून आधी चारी बाजूंनी बघून घेतलं. सगळं होतं. समुद्र होता, कौलं होती, हरवलेल्या सामानाची खिडकी होती, तेवढी बंद होती. आणि फलाटाच्या टोकाला रांग होती. पिवळ्या रेनकोटांची, शिस्तीत, एकमेकांत अंतर ठेवून उभी असलेली. पाऊस नव्हताच.

मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा फोटोसाठी न थांबता गुडघे टेकून बसलो आणि दांडा तपासला. पोचा होता. खरा. कंबरेच्या जरा वर, आतून, कडा गोलसर, रंग दोनदा दिलेला. सामानाची ढकलगाडी. चालवणारा घाईत असावा, आणि नंतर त्याने कुणाला सांगितलं नसावं. मी अंगठा त्या खळग्यात ठेवला. अंगठा बरोबर बसला. शेजारी कुणी असतं तर म्हणालो असतो, बघ, सांगितलं नव्हतं? सवयीने मान वळवलीही. शेजारी समुद्र होता.

मागे उभी असलेली मुलगी कमरेत वाकली. मला वाटलं, उठा असं म्हणते आहे. तिने फोनात काहीतरी बोलून तो माझ्यापुढे धरला. फोनने सपाट आवाजात विचारलं, "कृपया, तुम्ही म्हातारे व्हाल का?"

झालोच आहे, असं मी म्हणणार, तेवढ्यात तिने मालिकेतलं चित्र दाखवलं. मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बोट केलं. ती एकटी आली होती. पलीकडच्या फलाटावरून फोटो काढून द्यायला रांगेतलं कुणीही तयार होतं, पण पिवळ्या रेनकोटांच्या त्या गर्दीत स्टेशनमास्तर एकही नव्हता.

मी रेनकोट काढला आणि उभा राहिलो. कोपर ठेवलं, झुकलो. गच्चीवरचा सराव वाया गेला नाही. तिच्या मागचा मुलगाही एकटा होता. त्याच्या मागचीही. एकाने पिशवीतून स्टेशनमास्तरची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, ती संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली. कोण कुठल्या देशातलं, पत्ता नाही. दर वेळी कुणीतरी येऊन माझ्या शेजारी उभं राहायचं, रुळांकडे बघायचं, मग वाकून आभार मानून जायचं. एक जण थोडा जास्त वेळ उभा राहिला. फोटो काढून झाला होता तरी. मी हललो नाही. त्याला कुणाच्या शेजारी उभं राहायचं होतं, ते मी विचारलं नाही.

ऊन उतरलं, शेवटचे रेनकोट गाडीत बसले, टोपीवाला टोपी घेऊन गेला. फलाटावर मी उरलो. आता माझा फोटो. तो पलीकडच्या फलाटावरून काढायला हवा आणि उभं इकडे राहायला हवं. ही दोन्ही कामं एका माणसाला जमत नाहीत, हे इतक्या वर्षांच्या अनुभवात माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी बाकावर बसलो आणि फोनवर शेवटचा भाग काढला. बोट बटणावर ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, ही कोण?"

"कोण कोण?"

"तुझ्या शेजारची! फोटो सगळीकडे फिरतोय. 'स्टेशनमास्तर सापडले' असं लिहिलंय खाली. ऑफिसात मला दाखवला कुणीतरी. मी म्हटलं, हा माझा मामा आहे! ती माझ्या जागेवर कोण उभी आहे?"

"नाव नाही गं विचारलं. आणि ती एकटीच नव्हती, बऱ्याच होत्या. रांग होती."

"आणि तू सगळ्यांजवळ उभा राहिलास?"

"सगळे एकेकटेच आले होते."

मागे तिच्या ऑफिसातले आवाज येत होते. मग म्हणाली, "पोचा आहे?"

"आहे. ढकलगाडीचा."

"सांगितलं होतंस तू." आणि जरा थांबून, "माझा रेनकोट आणलायस?"

"पिशवीत आहे."

"घडी मोडलीस?"

"नाही."

"मोडू नकोस. आणि तो भाग बघू नकोस हं. मला खरं तर शेवट धड आठवतही नाही. सगळ्या बडबडत होत्या. आपण येऊ ना, दोघं. पुढच्या वर्षी. नक्की. मामा, मला बोलावतायत, मी तुला नंतर करते."

मी फोन खिशात ठेवला. गाडी आली, मी बसलो. ती निघाली तेव्हा खिडकीतून तो कठडा शेवटपर्यंत दिसत होता. त्यावर कोपरं टेकून कुणीच उभं नव्हतं.

परत आल्यावर सेक्रेटरीणबाईंनी जिन्यात विचारलं, "फोटो दाखवा की." माझ्याकडे माझा एकही नाही. लोकांकडे पुष्कळ आहेत. कुठकुठल्या देशांतल्या भिंतींवर मी कुणाचा तरी आजोबा म्हणून टांगलेला असेन. त्या 'अरे वा' म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

तिच्या रेनकोटाची घडी कपाटात तशीच आहे. शेवटचा भागही तसाच आहे. नंतरचा तो फोन अजून यायचा आहे. आमच्या खात्यात प्रलंबित दाव्याला नाकारलेला दावा म्हणत नाहीत. दोन्हींचे कप्पे वेगळे असतात आणि प्रलंबितचा कप्पा मी रोज उघडून बघतो.

तोवर, एखाद्या रविवारी घर फारच शांत वाटलं, तर माझा रेनकोट खुंटीवर आहे आणि गच्ची उघडी असते.